एकोणतीस पट

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही खरं तर प्रयोगशाळेतल्या सामानाच्या यादीसाठी घेतली होती. पहिल्या पानावर 'रेझिस्टर, ऐंशी नग' असं लिहिलं आणि मोजायला बसले, तर अकरा निघाले. तेव्हा यादी राहू दे. मनातलं लिहू या, ते तरी जागेवर आहे का बघू.

आजपासून इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात. दहा वर्षं जालन्याहून एसटीनं बदनापूरला येऊन याच तंत्रनिकेतनात शिकवतेय, पण प्रयोगशाळेच्या किल्ल्या आधीच्या सरांकडे असायच्या. ते निवृत्त झाले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, दहा मार्चला बाहेरची तपासणी समिती येणार, सगळे प्रयोग त्यांच्यासमोर चालले पाहिजेत, नाहीतर आपल्या शाखेची मान्यता धोक्यात. "आणि मधुवंती मॅडम, नऊ नंबरचा प्रयोग ते हमखास बघतात."

नऊ नंबर म्हणजे ऑसिलेटर. बाहेरून कुठलाही सिग्नल द्यायचा नाही, तरी सर्किटनं आपली आपण लहर काढत राहायचं आणि ती पडद्यावर दिसली पाहिजे. मी सहा वर्षांच्या जर्नल्स चाळल्या. प्रत्येक मुलाची वारंवारता ६५०. एकाची ६४९ नाही की ६५१ नाही. सूत्र वापरून कागदावर काढली तरी ६५०च येते. इतकं तंतोतंत तर माझं आणि बाबांचं घड्याळही जुळत नाही.

प्रयोगशाळेतले परिचर भुजंगभाऊ, वीस वर्षांपासून इथेच आहेत. त्यांना विचारलं, हे किट चालतं का?

"चालतं ना मॅडम. बराबर चालतं. परीक्षेला तं एकदम फस्क्लास चालतं."

"परीक्षेला म्हणजे?"

"परीक्षेला म्हंजी परीक्षेला."

एवढं बोलून ते टेबल पुसायला लागले. पुसलेलंच टेबल.

१० फेब्रुवारी

सापडलं. किटच्या मागच्या बाजूनं एक काळी वायर टेबलाखाली जाते. टेबलाखाली हिरवं कापड, कापडाखाली सिग्नल जनरेटर, आणि त्याची चकती ६५० वर चिकटपट्टी लावून बसवलेली. म्हणजे सहा वर्षं सर्किट काहीच करत नव्हतं. लहर खालून यायची आणि वरचं किट नुसतं ऐटीत बसायचं.

भुजंगभाऊंना बोलावलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"त्याच्यातला तो फिरवून जुळवायचा पॉट खराब झाल्ता मॅडम. जालन्यात भेटला न्हाई. परीक्षक येऊन बसल्ते. सर म्हनले, भुजंग, कायतरी कर. मंग केलं."

"आणि मग सहा वर्षं?"

"मंग सवय झाली."

मला हसूही आलं आणि घामही फुटला. खोटेपणाचा मला मनापासून तिटकारा आहे. चकतीवरची चिकटपट्टी मी स्वतः काढली.

१२ फेब्रुवारी

एसटीत बसून लिहितेय, अक्षर हलणार. कालपासून पाय एका जागी ठरत नाही. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून स्वयंपाकघरात.

कारण नेहमीचं. आईचं दुसरं श्राद्ध चौदा मार्चला आहे, फाल्गुन वद्य दशमी. मागच्या वर्षी, पहिल्याच श्राद्धाला, माझा धाकटा भाऊ अपूर्व पुण्याहून आला नाही. बाबांनी गुरुजींना एक वाजेपर्यंत थांबवून घेतलं आणि शेवटी स्वतः बसले. महिन्याभरानं अपूर्व आला, तर बाबा त्याला दारातच म्हणाले, "आता कशाला आलास? आता थेट माझ्याच श्राद्धाला ये." तो चपलाही न काढता परत गेला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. दहा महिने होत आले.

तो का आला नाही, तारखेचा घोळ कसा झाला, त्यात आता शिरायचं नाही.

दोघांमध्ये मी आहे म्हणून बरं. मी बाबांचं अपूर्वला सांगते, अपूर्वचं बाबांना सांगते. रोज संध्याकाळी. मी नसते तर हे घर केव्हाच दोन तुकडे होऊन पडलं असतं. काल बाबा म्हणाले, "विचार त्याला, जमतंय का यायला." आज मधल्या सुट्टीत अपूर्वला फोन केला: "बाबा विचारतायत, या वर्षी तरी जमणार आहे का?" 'या वर्षी तरी' माझं. निरोपाला थोडं वजन नको का? नुसतं 'जमतंय का' म्हटलं तर तो नुसतं 'बघतो' म्हणतो.

तर तो म्हणालाच, "बघतो."

१४ फेब्रुवारी, शनिवार

किट उघडलं. कारण पाच मिनिटांत कळलं.

या सर्किटमध्ये सिग्नल गोल फिरतो. ॲम्प्लिफायरमधून निघतो, तीन पायऱ्या उतरून परत ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी येतो. पायऱ्या उतरताना त्याचा फक्त एकोणतिसावा भाग शिल्लक राहतो. म्हणून ॲम्प्लिफायरनं तो बरोबर एकोणतीस पट मोठा करून द्यायचा. जेवढा निघाला तेवढाच परत आला की फेरी पूर्ण, लहर चालू राहते. पट कमी पडली की ती दर फेरीला खंगत जाऊन मरते. जास्त झाली की वाढत वाढत छपराला डोकं आपटते. शिवाय परत येताना ती निघणाऱ्या लहरीच्या पावलात पाऊल टाकून आली पाहिजे, उलट्या पावलानं आली तर काही उपयोग नाही.

एकोणतीस पटीसाठी दोनशे नव्वद किलोओहम लागतात. कुणीतरी खराब पॉट काढून तिथे दोनशे सत्तरचा रेझिस्टर डकवला होता, कारण दुकानात तोच मिळतो. म्हणजे सत्तावीस पट. बटण दाबलं की पडद्यावरची रेघ थरथरते, दोन-चार लाटा येतात आणि विझतात. मी दहा वेळा बटण दाबलं. दहाही वेळा तेच.

दोननं कमी. सहा वर्षं नुसत्या दोननं कमी.

१७ फेब्रुवारी

काल अपूर्वचा फोन. "ताई, मी आलेलं बाबांना चालेल का?" आवाज अगदी लहान मुलासारखा. मला भरून आलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, "तो विचारतो, मी आलेलं चालेल का. दारातलं ते बोलणं अजून त्याच्या मनातून गेलेलं नाही, बाबा." दुसरं वाक्य त्यानं म्हटलं नव्हतं, पण मला ऐकू आलं होतं. बहीण आहे मी त्याची.

बाबांनी ताट बाजूला सारलं. "मनातून गेलं नसेल तर कशाला येतो? राहू दे म्हणावं."

सकाळी अपूर्वला सांगितलं, बाबा राहू दे म्हणाले. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. दर वेळी मी यांना हाताच्या अंतरावर आणते आणि दर वेळी कुठेतरी माशी शिंकते. दोघंही हट्टी. आई असती तर दोघांचे कान धरले असते.

२० फेब्रुवारी

वर्गात ऑसिलेटर शिकवला. सप्ताहात कीर्तनाच्या वेळी माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी मारतो, ते उदाहरण दिलं. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा परत स्पीकरमध्ये. सगळ्यांना लगेच पटलं. मग शीतल उभी राहिली. अंबडकडच्या खेड्यातली मुलगी, वर्गात बोलते कमी, पण बोलली की पंचाईत करते.

"मॅडम, बाहेरून काहीच देत नाहीत, मंग पहिल्यांदा सुरुवात कोण करतं?"

मी म्हटलं, छान प्रश्न. बटण दाबताना एक बारीकसा धक्का बसतो. किंवा सर्किटमध्ये नेहमीच थोडी खरखर असते. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी. ती फेरीत सापडते, दर फेरीला मोठी होते, आणि मग लहर दिसते तेव्हा ती मूळ खरखर शोधायला गेलात तर सापडत नाही.

"म्हंजी कुनाची चूक होती ते कळतच न्हाई," शीतल म्हणाली, आणि मुलं हसली.

मी हसले नाही. का कोण जाणे, तास दहा मिनिटं आधी सोडला.

२३ फेब्रुवारी

तीनशे तीसचा रेझिस्टर लावला. तेहतीस पट. आता लहर उठते आणि थांबायचं नाव घेत नाही, पण तिचे माथे सपाट, कुणीतरी विळीनं छाटल्यासारखे. गोल लहर हवी, ही काय उपयोगाची? "आता लई जोर झाला," भुजंगभाऊ म्हणाले. एकूण काय, कमी तर मरते, जास्त तर बिघडते, आणि बरोबर दोनशे नव्वद कुठे मिळत नाही. मिळाला तरी ऊन वाढलं की बदलेल.

मधल्या सुट्टीत बाबांचा फोन, मग अपूर्वला मी, मग बाबांना परत मी. भुजंगभाऊ समोर डबा खात होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मॅडम, रागावू नका, एक बोलू का?"

"बोला."

"माझे दोन चुलते एका बांधावरनं सहा वर्सं बोलत नव्हते. मधी आमची आत्या. याचं त्याला सांगायची, त्याचं याला सांगायची. बिचारीच्या चपला झिजल्या. मंग आत्या आजारी पडली अन् तीन महिने लेकीकडं जाफराबादला ऱ्हायली. परत आल्ती तं काय, दोघं एका टपरीवर चहा पिऊन राह्यले!"

"मग?"

"मंग काय. आत्याला लई राग आला."

ते स्वतःच खूप हसले. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. भुजंगभाऊंच्या चुलत्यांचा आणि आमच्या घराचा काय संबंध? आमच्याकडे बांध नाही की काही नाही. तिरीमिरीत मी त्यांना कपाट आवरायला लावलं आणि नंतर वाईट वाटलं.

२६ फेब्रुवारी

बाबांना सर्किटचं सांगितलं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत, चौतीस वर्षं तारांमध्ये काढलीत. कान टवकारून ऐकलं. आई गेल्यापासून इतके जागे मी त्यांना पाहिले नव्हते.

"ट्रंक लाइनवर हेच व्हायचं. आवाज वाढवायला मध्ये ॲम्प्लिफायर असायचे. कुणी अतिहुशार जास्त वाढवून ठेवायचा, की लाइन स्वतःच गायला लागायची. दोन्हीकडची माणसं हॅलो हॅलो करतायत आणि मध्ये नुसती शिट्टी. मग आम्ही काय करायचो, मधला थोडा कमी करायचो."

"पण कमी केला की माझी लहर मरते, बाबा."

"मग सुरुवातीला जास्त दे. आणि जोर वाढला की त्यानं आपणहून आवरतं घ्यावं असं काहीतरी मध्ये घाल."

डायोड! वर्गात दर वर्षी शिकवते आणि मला सुचलं नाही. दोनशे सत्तरला सत्तेचाळीस जोडायचा, आणि सत्तेचाळीसच्या डोक्यावर दोन डायोड उलटसुलट. लहर लहान असेपर्यंत पट एकोणतीसपेक्षा जास्त, म्हणून ती उठते. मोठी झाली की डायोड वाट देतात, सत्तेचाळीस गळतो आणि पट आपोआप एकोणतीसवर येऊन बसते.

बाबांच्या डोळ्यांत किती दिवसांनी चमक दिसली. मी त्याच झोतात म्हणून टाकलं, "अपूर्वला सांगू का तुम्ही हे सुचवलंत ते?" चमक गेली. "तुला सांगायचं ते सांग," म्हणाले आणि पेपर उघडला. सकाळीच वाचून झालेला पेपर.

१ मार्च, रविवार

घसा बसला. सकाळी उठले तर आवाजच नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंड बंद, कुजबुजायचंसुद्धा नाही. आता निरोपांचं काय? अपूर्वला मेसेज टाकला, 'घसा बसलाय, नंतर बोलू.' बाबांना पाटीवर लिहून दाखवायला गेले, तर म्हणाले, "चष्मा नाही."

श्राद्धाला तेरा दिवस उरलेत आणि मी मुकी!

५ मार्च

काहीतरी भयंकर झालंय. मी मोरीत गुळण्या करत होते, फोन ओट्यावर. वाजला. आणि बाबांनी उचलला. मला आतून एवढंच ऐकू आलं: "मधूचा घसा बसलाय." मग बराच वेळ काही नाही. मी तोंडातलं पाणी थुंकून धावत आले, तोवर फोन ठेवलेला.

मी हातवारे करून विचारलं, कोण? काय म्हणाला?

"अपूर्व. ज्येष्ठमध चघळायला सांग म्हणाला."

एवढंच? बाबा म्हणाले, एवढंच. मग दहा मिनिटांनी, टोपी घालता घालता: "त्याच्याकडेही पाणी दोन दिवसांनी येतं म्हणे. पुण्यात!" आणि ज्येष्ठमध आणायला गेले.

मी नसताना हे बोलले. पाण्याबद्दल! दहा महिन्यांनी दोन माणसं बोलतात आणि पाण्याबद्दल? मला आनंद व्हायला हवा. होतोय, नाही असं नाही.

७ मार्च

बाबा चहा पिताना सहज म्हणाले, "अपूर्व शुक्रवारी रात्री बसतोय, शनिवारी पहाटे पोचेल." मी पाटीवर लिहिलं, तुम्ही फोन केलात?

"मग काय करणार. तुझा आवाज कधी यायचा!"

रडू आलं. बाबांना वाटलं आनंदाचं. मला नक्की सांगता येणार नाही. दोघं आता समोरासमोर बसणार. एका पंक्तीला. बोलता बोलता कुणीतरी विचारणार, मागच्या वर्षी झालं काय होतं?

कपडे वाळत घातले, काढले, परत घातले.

१० मार्च

तपासणी झाली. आवाज आलाय, घोगरा.

समितीतले एक गृहस्थ थेट नऊ नंबरसमोर उभे राहिले. भुजंगभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, खालची मशीन तयार ठिवली. इशारा करा फकस्त." मी म्हटलं, ती बाहेर काढून टेबलावर ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी, आणि प्लग काढा. ते माझ्याकडे बघतच राहिले. पण ठेवली.

मग मीच बटण दाबलं. रेघ थरथरली. फुगत गेली. आणि गोल, गुळगुळीत लहर होऊन स्थिर झाली. वाढली नाही, घटली नाही. खाली काही नाही, मागे काही नाही, आपली आपण. मागे मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी घोगऱ्या आवाजात ओरडले की ही काय नाटकाची जागा आहे का.

वारंवारता आली ६१२.

"सूत्रानं साडेसहाशे यायला हवी," गृहस्थ म्हणाले. शीतल म्हणाली, "सर, आमचे कपॅसिटर छापल्यापेक्षा जरा मोठे निघाले. मोजले आम्ही. म्हनून सहाशे बारा." ते हसले. मग त्यांनी कपाटातली जुनी जर्नल काढली. दुसरी काढली. तिसरी. प्राचार्यांचा चेहरा उतरला. "आणि इथे सगळीकडे साडेसहाशे कसे?"

मी सांगितलं. टेबलावरच्या जनरेटरकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. कुणी केलं ते नाही सांगितलं, काय होत होतं ते सांगितलं.

ते गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "साडेसहाशे दाखवले असते तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी म्हटलं, "आले नव्हते ना सर." अहवालात जुन्या नोंदींवर ताशेरे आहेत, पण प्रयोगाला शेरा 'समाधानकारक'. मान्यता राहिली. भुजंगभाऊ संध्याकाळी चहा घेऊन आले. "सहा वर्सांत पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी पोटात कळ न्हाई आली," म्हणाले.

परतीच्या एसटीत माझ्याच पोटात कळ होती. मोठी खऱ्याची पुतळी!

१२ मार्च

लिहूनच टाकते. इथे लिहिलं तर तिथे बोलता येईल.

आई गेली त्या दिवशी मी तिथी लिहून ठेवली होती. स्वयंपाकघरात सराफाच्या दुकानानं दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं, त्यावरून उतरवली: चैत्र कृष्ण दशमी. हिंदी कॅलेंडरात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, हे मला, इंजिनियर बाईला, माहीत नव्हतं. आपल्या हिशेबानं तो फाल्गुनच होता. मागच्या वर्षी मराठी कॅलेंडरात चैत्र वद्य दशमी शोधली, ती तेवीस एप्रिलला निघाली, आणि अपूर्वला तेवीस एप्रिल सांगितलं. त्यानं रजा टाकली. बावीस मार्चला बाबा म्हणाले, परवा दशमी, गुरुजींना आठवण कर. तेव्हा माझा घोळ कळला. अपूर्वला फोन केला तर तो कामासाठी चेन्नईत.

श्राद्धाच्या दिवशी एक वाजता बाबांनी विचारलं, तो येतोय ना? तेव्हा मी म्हणाले, "त्याच्या लक्षात राहिलं नाही."

चार शब्द. तेव्हा वाटलं होतं, दोन दिवस रागावतील आणि विसरतील.

१३ मार्च

सांगितलं. कॉलेजला गेलेच नाही. बाबा उद्यासाठी दर्भ निवडत बसले होते. मी समोर बसले आणि म्हणाले, "बाबा, मागच्या वर्षी अपूर्व विसरला नव्हता. तारीख मी चुकीची सांगितली होती. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

ते निवडत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले, जोरात.

"ऐकलं मी. माहीत आहे मला."

उठले आणि देवघराच्या फडताळातून मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढून आणलं. एप्रिलचं पान. तेवीस तारखेभोवती पेन्सिलचं वर्तुळ आणि माझ्या अक्षरात, 'आईचं श्राद्ध. अपूर्व येणार.'

"तो दारातून गेला, मी पाणी प्यायला आत आलो, तर हे समोर भिंतीवर. चार पावलांवर होतो ग त्याच्या. तरी हाक मारता आली नाही."

"मग दहा महिने का बोलला नाहीत? मला का नाही झापलंत?"

बाबांनी दर्भाची जुडी खाली ठेवली. "दारात मी त्याला इतकं टाकून बोललो. एकदा तरी त्यानं म्हणावं ना, ताईनं सांगितली ती तारीख? नाही म्हणाला. ऐकून घेतलं आणि गेला. त्यानं तुझं नाव घेतलं नाही, मग मी कसं घेऊ? आणि तू रोज संध्याकाळी त्याचं काही ना काही घेऊन यायचीस. भांडणाचं का होईना, त्याचं असायचं."

मी तिथेच, दर्भाच्या काड्यांत, मोठ्यानं रडले. बाबांनी डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना ते जमत नाही. कॅलेंडरची नीट घडी केली आणि म्हणाले, "आमसुलं भिजत घाल. उद्याच्या चटणीला लागतील."

वर्षभर या वहीआधीही मनात लिहीतच होते, दोघं कसे हट्टी, दोघं कसे पोरकट. आणि दोघंही मला झाकत होते. एकमेकांशी एक शब्द न बोलता.

१४ मार्च, शनिवार, फाल्गुन वद्य दशमी

अपूर्व पहाटे आला. दारात थबकला. बाबा म्हणाले, "चपला काढ, पाय धू, उशीर होईल." तो आत आला.

मी त्याला मागच्या अंगणात गाठलं. म्हटलं, मी बाबांना सांगितलं. का रे नाही बोललास? तो बादलीत हात घालून उभा. "तू इथे त्यांच्यासोबत राहतेस, ताई. मी तर पुण्यात. मी राग घेऊन लांब जाऊ शकत होतो. तू कुठे गेली असतीस?" आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलं, लहानपणी उडवायचा तसं.

मग दोघं बसले. गुरुजी मंत्र सांगतायत, आणि मी स्वयंपाकघरात चटणी वाटतेय. पिंडांच्या वेळी बाबांचा आवाज चढला. "अरे, जानवं उजव्या खांद्यावर! एवढं लक्षात राहत नाही?" आणि अपूर्व, तितक्याच जोरात, "सांगितलंत का तुम्ही नीट? नेहमी अर्धंच सांगता!" "मी अर्धं सांगतो?" "मग काय!"

माझा हात वरवंट्यावर थांबला. तोंडात वाक्य तयार होतं, 'अहो बाबा, त्याला म्हणायचंय की'. उठायला म्हणून गुडघाही उचलला होता.

परत बसले. वाटत राहिले.

बाहेर आणखी दोन वाक्यं झाली, मग एक, मग अर्धं. मग गुरुजी काहीतरी म्हणाले आणि बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. चटणीत मीठ घातलं होतं की नाही आठवेना, म्हणून चाखून पाहिली. घातलं होतं.